जखिणीला 'हूं' म्हणणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई फोनला 'हूं' म्हणतात. पलीकडे बोलायला कोणी नसतं. फोन शिलाई मशीनच्या बाजूला, खडूच्या डबीला टेकवून उभा केलेला असतो आणि त्यातून कोणीतरी गोष्ट वाचत असतं.

"तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं," फोन सांगतो.

"हूं," कुंदाताई म्हणतात.

"आत कोणीच नव्हतं."

"हूं."

"पण आरशात मात्र एक बाई उभी होती."

"हूं. मग?"

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, माझ्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांचं 'कुंदा लेडीज टेलर' आहे. मी तिथे राहायला आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात मी नोकरी करते, संध्याकाळी बसमधून उतरले की थेट घर. एका संध्याकाळी ब्लाउजचं कापड घेऊन दुकानात शिरले. फोनवर गोष्ट चालू होती, मला वाटलं रेडिओ असेल. मी म्हटलं, "पाठीचा गळा खोल नको." त्या म्हणाल्या, "हूं." मी म्हटलं, "बाही कोपरापर्यंत हवी." त्या म्हणाल्या, "हूं." एवढ्या शांतपणे ऐकून घेणारा शिंपी मला आयुष्यात भेटला नव्हता. मी खूश होऊन घरी गेले.

ब्लाउज आला तो अर्धी पाठ उघडी आणि बाही दंडावर. मी भांडायला खाली उतरले.

"म्याडम, ते हूं तुमाला नव्हतं," कुंदाताई म्हणाल्या. "ते खविसाला होतं."

"आणि मग हा एवढा खोल गळा कोणाच्या सांगण्यावरून केलात?"

"सवयीनं. हल्ली सगळ्याच खोल सांगतात."

चेहऱ्यावर ओशाळेपणाचा लवलेश नाही. वर मलाच म्हणाल्या, "पन खवीस चांगला होता हां. तुमी ऐका." ब्लाउज त्यांनी उसवून पुन्हा शिवून दिला. तो होईपर्यंत मी स्टुलावर बसले, आणि तिथेच फसले. खवीस खरोखरच चांगला होता. बिल्डरचा धंदा करायचा आणि जुन्या चाळी माणसांसकट गिळायचा.

कुंदाताई ऐकतात त्या गोष्टी सगळ्या एकाच जातकुळीच्या. शहरात राहणाऱ्या भुताखेतांच्या. टॉवरमधली हडळ, मेट्रोच्या पुलाखालचा मुंजा, कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणारा वेताळ. एका ॲपवर अशा मराठी गोष्टींचा ढीग आहे आणि तो सगळा ढीग कुंदाताईंच्या हातापायाखालून गेलेला आहे; हात कापडावर, पाय मशीनच्या पायट्यावर. गिऱ्हाइकांनाही आता अंदाज आलाय. लग्नघरचं कापड टाकायचं असेल तर बायका आधी विचारतात, "सध्या काय चालू आहे?" जोरात पाठलाग चालू असेल तर कापड पिशवीत परत जातं. कारण भूत धावलं की मशीन धावतं, आणि मशीन धावलं की बाही आवळते.

या गोष्टींची त्या जी हजेरी घेतात, तिच्यापुढे वर्तमानपत्रातले परीक्षणवाले पाणी भरतील, असं माझं प्रामाणिक मत आहे. पहिली कसोटी अर्थातच हुंकाराची. कुंदाताई मूळच्या दातिवऱ्याच्या, कोळ्यांच्या घरातल्या. वडील होडीवर तांडेल, म्हणजे सगळ्या खलाशांचे म्होरके, आणि जाळं पाण्यात टाकून वाट बघत असताना गोष्टी सांगण्यात पटाईत. त्यांच्याकडे रीतच अशी की कोणी गोष्ट सांगत असेल तर ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. नाही दिला तर सांगणारा थांबतो. "हूं नाय म्हटलं तर सांगनाऱ्याला वाटनार, समोर भिंत हाय," कुंदाताई म्हणतात. "आन् जो हूं म्हनायला जागाच ठेवत नाय, त्यानं भिंतीलाच सांगावं."

जागा न ठेवणाऱ्यांवर त्यांचा फार राग. एका तरुण वाचकाबद्दल त्या एकदा म्हणाल्या, "आवाज बरा हाय. पन कोपऱ्यावर येताना सुई वर ठेवून वळतो." मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी कापड मशीनखाली सरकवून दाखवलं. कोपरा आला की सुई कापडात खाली रोवायची, थांबायचं, मग कापड फिरवायचं. सुई वर असताना फिरवलं तर टीप सरकते. "गोष्टपन तशीच वळते. वळायच्या आधी थांबायचं. हा बाबा थांबतच नाय, त्याला काय गाडी पकडायचीय का?"

मागून वाजणाऱ्या संगीताचं त्यांना वावडं. "जरीच्या साडीला झालर कशाला लावतात?" वाचणाऱ्या बायका म्हातारीचं बोलणं थरथरत्या, पातळ आवाजात काढतात त्यावर तर त्या उसळतात. "सगळ्या म्हाताऱ्या शेळीसारख्या कशा? आमची आजी बोंबील वाळत घालताना हाक मारायची, तर खाडीपलीकडं अर्नाळ्याची कुत्री उठायची."

गोष्टीला त्या तारे-बिरे देत नाहीत. एखादीला 'पॉलिस्टर' म्हणतात, एखादीला 'दोन धुण्यांची'. सगळ्यात वाईट शेरा म्हणजे 'अस्तर नाय'. वरून भारी, चमकतं, पण आतून अंगाला टोचतं. भुतांच्या वागण्यात तर्क चुकला तर लेखकाची धडगत नाही. "झाडावर लटकायची सवय असलेला वेताळ. चौदाव्या माळ्यावर जायला लिफ्टची वाट बघत उभा. का? गुडघे दुखतात?" आणि एक तक्रार कायमची: ही सगळी भुतं दादर, अंधेरी, गोरेगावातच का मरतात? "विरारच्या पुढं यायला भुतांच्यापन जिवावर येतं, म्याडम."

हे शेरे त्या माझ्याकडून ॲपवर लिहून घेतात. मी कामावरून दमून आलेली असते, तरी लिहिते. एकदा म्हणाल्या, "लिहा, भाऊ, वाक्याच्या मधे आवंढा गिळू नको, आधी पानी पी." मी लिहिलं. पुढच्या पुस्तकात त्या भाऊंचा आवंढा गायब. मी आनंदाने खाली धावत गेले, तर कुंदाताई शांतपणे काजं करत म्हणाल्या, "सुधारला." एवढंच. दिवसभर मी मात्र ऑफिसात सांगत सुटले होते.

त्यांची सगळ्यात लाडकी होती ती जखिणीची मालिका. त्यात एका जुन्या विहिरीची राखण करणारी जखीण असते. विहीर बुजवून तिथे टॉवर उभा राहतो, तेव्हा बिचारी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत राहायला जाते. तिथे तिची ओळख होते राघवशी. राघव समुद्रकाठच्या गावातला, बापाशी भांडून शहरात आलेला, बँकेत नोकरी करणारा. जखीण जगाला दिसत नाही, राघवला दिसते. राघव तिच्याशी लग्न करतो आणि बाप सांगतो, असली बाई माझ्या घरात नको. पुढे खवीस, वेताळ, सोसायटीचे सेक्रेटरी असे एकाहून एक वाईट लोक त्यांच्या मागे लागतात. ही मालिका चालू असली की कुंदाताई एकेक प्रकरण दोन-दोनदा ऐकायच्या. मला वाटायचं, आवड.

मग एका रविवारी मी त्यांच्याबरोबर दातिवऱ्याला गेले. मला सुके बोंबील हवे होते आणि त्या दर रविवारी माहेरी जातातच. सफाळ्याला उतरून रिक्षा केली. घर खाडीच्या तोंडाशी, पुढे अंगण, मागे माड आणि विहीर. त्यांचे बाबा अंगणात फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसले होते. आई नाही, घरात एकटेच. शेजारची मावशी जेवण देते. मला बघून त्यांनी मान हलवली आणि लेकीला विचारलं, "आणलीस काय?"

मी म्हटलं, मिठाई विचारत असतील. ते गोष्ट विचारत होते.

कुंदाताईंनी पदर खोचला, पायरीवर बसल्या आणि जखिणीची गोष्ट सांगायला लागल्या. आठवडाभर फोनमधून ऐकलेली सगळी, पण फोनमधली भाषा टाकून दिलेली. मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही वाचकाला त्या बाईची सर नाही. वेताळ त्यांच्या तोंडी आला की खरंच उंचावरून बोलायचा. वळायच्या आधी त्या थांबायच्या आणि बाबा जाळ्यावरून नजर न हलवता म्हणायचे, "हूं."

मधेच बाबांनी विचारलं, "राघवाची कावीळ बरी झाली?"

"झाली. आता तिखट खातो थोडं थोडं."

"कामावर जातो?"

"जातो ना. एसी दुरुस्तीचं. उन्हाळा आला, आता काम लय हाय."

मी गोंधळले. ही प्रकरणं मीही ऐकली होती. राघवला कावीळ कधीच झाली नव्हती आणि तो बँकेत होता.

परतताना रिक्षात मी विचारलं, "कुंदाताई, राघव एसी कधीपासून दुरुस्त करायला लागला?"

त्यांनी नजर बाहेर मिठागरांकडे वळवली. मग म्हणाल्या, "तो राघव नाय. तो आमचा पक्या."

पक्या म्हणजे प्रकाश, त्यांचा धाकटा भाऊ. बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला असताना त्याचं तिथल्याच एका मुलीशी जुळलं. सोनी तिचं नाव, झारखंडकडची, मराठी जेमतेम. प्रकाशने तिच्याशी लग्न केलं आणि तिला घेऊन दातिवऱ्याला आला, तेव्हा बाबांनी दोघांना दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, ही या घरात नको. तेव्हापासून प्रकाश कांदिवलीत. बहिणीला फोन करतो, बापाचं नाव काढत नाही. बाप तर असा हट्टी की कोणी प्रकाशचं नाव घेतलं की उठून खाडीवर चालू लागतो.

"मी किती वेळा सांगायचा प्रयत्न केला," कुंदाताई म्हणाल्या. "की बाबा, त्याला कावीळ झालीय. उठून गेले. मग एकदा ही जखिणीची गोष्ट सांगत बसले होते. सहज बोलून गेले, राघवाला कावीळ झालीय. तर बाबा उठले नाय. विचारतात, डोळे पिवळे हायत काय? मूळव्याधीचं औषध देनारा सातपाटीला हाय, कावीळवाला कुठं हाय ते विचारून ठेवतो."

"म्हणजे त्यांना कळलंय?"

"कोन जाने. तसं विचारलं तर संपलं ना, म्याडम."

म्हणजे ही बाई आठवडाभर ब्लाउज शिवता शिवता दोन गोष्टी गोळा करत होती. एक फोनमधल्या माणसाकडून आणि एक भावाकडून. दोन्ही अशा जोडत होती की टीप कुठून गेली ते दिसू नये. सोनीचीही खबर जायची. जखिणीला बोंबील तळता यायला लागले, जखीण आता 'आमी, तुमी' म्हणते, असं. बाबा त्यावर काही बोलत नसत, पण हुंकार देत. मला त्या रिक्षात कुंदाताईंचा इतका अभिमान वाटला की बोंबलांची पिशवी मांडीवर फुटली तेही कळलं नाही.

आणि मग मालिकेचा शेवटचा भाग आला.

मी घरी चहा टाकत होते, खालून मशीनचा आवाज येईना. दुकानात गेले तर कुंदाताई हात मांडीवर ठेवून बसलेल्या. फोन शेवटची वाक्यं वाचत होता. टॉवरची टाकी पाडायला माणसं येतात. जखिणीला राहायला जागा उरत नाही. राघव तिचा हात धरतो आणि दोघं बुजवलेल्या विहिरीत, जमिनीखाली निघून जातात. कायमची. वर टॉवर, पार्किंग, संपलं.

कुंदाताईंनी हुंकार दिला नाही.

"पॉलिस्टर," मी सुचवून पाहिलं.

"नाय," त्या म्हणाल्या. "शेवट चांगला लिहिलाय. वाचलापन चांगला. म्हनून तर." मग एकदम भडकल्या. "पन हा मी तिकडं कसा नेऊ? बाबाला सांगू, की तो गेला, आता येनार नाय?"

"मग बदला. सांगा, राघव घरी आला."

"आन् पक्या नाय आला तर? बाबा रोज दारात बसंल."

तेही खरं होतं. खोटा दिलासा दिला तर त्यावर विसंबून बाबा त्या अंगणात वाट बघत बसणार होते. मी म्हटलं, प्रकाशलाच विचारा. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. प्रकाशचं उत्तर मलाही ऐकू आलं. "ताई, बाबानं बोलवलं तर येईन. पन एकटा नाय येनार." त्याचंही बरोबर. सगळ्यांचंच बरोबर होतं आणि त्यामुळे पंचाईत होती.

त्या आठवड्यात कुंदाताईंनी नवीन काही ऐकलं नाही. दुकानात इतकी शांतता की गिऱ्हाइकं आत यायला कचरत होती. ब्लाउज मात्र सगळे मापात झाले, आणि ते मला बिलकूल आवडलं नाही. शनिवारी त्या म्हणाल्या, "उद्या चला माझ्याबरोबर. मला एकटीला नको वाटतं."

रविवारी अंगणात बाबा नेहमीच्या जागी, जाळं मांडीवर. "आणलीस काय?" त्यांनी विचारलं.

कुंदाताई सांगायला बसल्या. टाकी पाडायला माणसं आली इथवर त्या आल्या. हातोडे आले, शिड्या आल्या, पाणी भळाभळा वाहून गेलं. जखीण गच्चीवर कोरडी उभी राहिली. बाबा हूं, हूं करत होते. मग कुंदाताई थांबल्या. एरवी वळायच्या आधी थांबत तशाच, पण वळेचनात.

"मग?" बाबा म्हणाले.

"पुढचा भाग अजून नाय आला, बाबा."

इतकं वाईट खोटं मी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. फोनमधल्या कुठल्याही वाचकाने असं वाचलं असतं तर कुंदाताईंनी त्याला फैलावर घेतलं असतं.

बाबांनी दोऱ्याची गाठ मारली. ओढून पाहिली. "कुठं जाईल ती?"

"कोन?"

"जखीन. विहीर बुजवली. टाकी पाडली. आता कुठं जाईल?"

"राघव म्हनतो, जाऊ कुठंतरी."

"कुठंतरी म्हंजे? त्याला घर नाय काय?"

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पायरीवरची मुंगी बघत राहिले. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घर हाय. पन त्याच्या बापानं सांगितलंय, ही या घरात नको."

आता हे उठून खाडीवर जाणार, असं मला वाटलं. कुंदाताईंनाही वाटलं असावं, त्यांनी पायरी घट्ट धरली होती. पण बाबा उठले नाहीत. जाळ्यातलं एक भोक बोटांनी चाचपत बसले.

"ती जुनी गोष्ट, बाय," ते म्हणाले. "पयल्या भागातली. बाप तवा रागात होता."

"हूं," कुंदाताई म्हणाल्या.

"त्या राघवाला सांग, तिला घेऊन ये. शहरातलं पानी काय पिनार ती. आपल्या विहिरीला गोडं पानी हाय."

आपल्या. बाबांच्या तोंडून शब्द निघून गेला होता आणि त्यांनी तो परत घेतला नाही. मान खाली घालून गाठ मारत राहिले. कुंदाताई मात्र उठल्या, डोळे पदराला पुसले आणि फोन शोधायला लागल्या. फोन त्यांच्या हातातच होता. मी तो दाखवला तेव्हा त्या मला उगीचच रागावल्या आणि नंबर लावत घरामागे, माडांकडे गेल्या.

बाबांनी जाळं बाजूला ठेवलं आणि लेकीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, पण अंगणाकडेच बघत म्हणाले, "आन् म्हनावं, उजेडात या. पोरीला वाट ठाऊक नाय."